ड्रमच्या मागचा चेहरा: तीन गाण्यांच्या पासचं एक प्रकरण

संगीताच्या एका मासिकाला चार जणांच्या रॉक बँडवर मोठा लेख छापायचा होता. फोटो चालू कार्यक्रमातलेच हवेत, वेगळं फोटोसेशन नको, हे आधीच ठरलेलं होतं. काम माझ्याकडे आलं तेव्हा फोन ठेवता ठेवता संपादक म्हणाल्या, "मुख्य फोटो ड्रमरचा द्या. बँडची गाणी तीच लिहिते, लेखही तिच्यावरच आहे." मग बँडच्या मॅनेजमेंटकडून पासच्या अटी आल्या. पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, फोटो फक्त पिटमधून.

संपादकांची मागणी आणि या अटी शेजारी शेजारी ठेवल्या की घोळ लक्षात येतो. पिट म्हणजे स्टेज आणि प्रेक्षकांना अडवणारं बॅरिकेड यांच्यामधली चिंचोळी पट्टी. मध्यम हॉलमध्ये स्टेज साधारण छातीच्या उंचीला येतं. तिथून गायिका इतकी जवळ असते की वाइड लेन्स लावावी लागते. ड्रमर मात्र पाच-सहा मीटर मागे. मधे स्टेजच्या कडेचे मॉनिटर स्पीकर, माइकचे स्टँड, बेस ड्रम, त्यावरचे टॉम म्हणजे छोटे ड्रम, आणि नेमके चेहऱ्याच्या रेषेत सिंबल, म्हणजे धातूच्या थाळ्या. खालून वर बघताना यातली प्रत्येक वस्तू आणखी उंच होते. पिटमधून काढलेल्या ड्रमरच्या बऱ्याच फोटोंत केसांचा झुपका आणि हवेत एक स्टिक, एवढंच हाती लागतं. शिवाय स्टेजवरचा सगळ्यात कमी उजेडही तिच्याच वाट्याला येतो.

तीन गाण्यांच्या नियमावर फोटोग्राफर मंडळी चिडतात, पण त्यामागची कारणं खोटी नाहीत. पुढच्या रांगेतल्या माणसाने तिकीट काढलेलं असतं आणि त्याच्या डोळ्यांसमोर आमचे कॅमेरे नाचत असतात. कलाकारांनाही चेहरा घामाने डबडबायच्या आतले फोटो छापले गेलेले बरे वाटतात. दहा-बारा मिनिटं हा वेळ अगदीच थोडाही नाही, पुढच्या माणसांचे फोटो त्यात व्यवस्थित होतात.

पण या नियमामुळे काय हातचं जातं, हेही बघायला हवं. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये क्लॅश या बँडचा बेसवादक पॉल सिमोनन याने आपली बेस गिटार स्टेजवर आपटली. फोटोग्राफर पेनी स्मिथ यांनी तो क्षण टिपला आणि तो फोटो पुढे 'लंडन कॉलिंग' या अल्बमचं मुखपृष्ठ झाला. हॉलचे रक्षक प्रेक्षकांना खुर्च्यांवरून उठू देत नव्हते, म्हणून सिमोनन धुमसत होता. हा राग पहिल्या तीन गाण्यांत चढलेला नव्हता, कार्यक्रम संपत आला तेव्हा तो बाहेर पडला. स्मिथ बँडबरोबर दौऱ्यावर होत्या, म्हणून तेव्हाही त्यांच्या हातात कॅमेरा होता. तिसऱ्या गाण्यानंतर त्यांना बाहेर काढलं असतं तर तो फोटो जगात नसता.

तेवढी मोकळीक आज क्वचित कुणाला मिळते. ती मागणारं पत्र मी लिहिलं नाही. माझं ठाम मत आहे की अशा वेळी जास्त मागू नये, वेगळं मागावं. जास्त मागणाऱ्याला 'नाही' म्हणणं सोपं असतं. समोरच्याचं काहीच बिघडत नाही अशी नेमकी मागणी नाकारायला मात्र कारण शोधावं लागतं. आणि मागणी नेमकी करायची तर आधी माहिती हवी.

ही माहिती ज्याच्याकडे असते त्या माणसाशी आमच्यातले फार कमी लोक बोलतात. तो म्हणजे लाइट ऑपरेटर. कोणत्या गाण्यात कुणावर, कोणत्या बाजूने, किती उजेड पडणार हे त्याच्या डेस्कमध्ये गाण्यागणिक भरून ठेवलेलं असतं. मी टूर मॅनेजरला दोनच गोष्टी विचारल्या: सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी मिळेल का, आणि लाइट सांभाळणाऱ्यांशी दहा मिनिटं बोलता येईल का. दोन्हीला होकार आला.

ऑपरेटर मोकळेपणाने बोलले. पहिली तीनही गाणी त्यांनी मुद्दाम अंधारी ठेवली होती. मागून निळा आणि जांभळा उजेड, भरपूर धूर, चेहरे जवळजवळ काळे. "चौथ्या गाण्यापर्यंत लोकांना माणसं दिसूच द्यायची नाहीत, नुसत्या आकृत्या," ते म्हणाले. पाचवं गाणं ड्रमर एकटी सुरू करते, आणि तिथे समोरून उबदार पिवळसर उजेड फक्त तिच्यावर येतो. संध्याकाळभरात तिच्या चेहऱ्यावर नीट उजेड पडणारं हे एकमेव गाणं.

इथे मोह होतो लाइट बदलून मागण्याचा. "पहिल्या गाण्यात थोडा पुढचा उजेड टाकाल का?" असं विचारणारे फोटोग्राफर मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. तो अंधार कार्यक्रमाचा भाग आहे, कुणीतरी विचार करून रचलेला. आपण जे घडतंय ते टिपायला गेलेलो असतो.

म्हणून मी टूर मॅनेजरला लिहिलं की गाणी तीनच द्या, पण पहिलं, दुसरं आणि पाचवं द्या. पाचव्याला मी पिटमध्ये नसेन, मागे मिक्सिंग डेस्कच्या, म्हणजे जिथून आवाज सांभाळला जातो त्या जागेच्या कठड्याच्या आत उभा राहीन. ती जागा आधीच अडवलेली असते, कुणाच्या नजरेआड काही येत नाही. तिसऱ्या-चौथ्या गाण्यात कॅमेरा बॅगेत राहील. त्यांची शंका एकच होती, एकाला दिलं की सगळे मागतील. मी कळवलं की बाकीच्यांना गायिकेचे फोटो हवे असतील, त्यांना पिटच सोयीचं आहे. मासिकाचा लेख ड्रमरवर आहे हेही सांगितलं. त्यांनी परवानगी दिली आणि सोबत साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला यायलाही सांगितलं. अट एवढीच की साउंड चेकचे फोटो छापायचे नाहीत.

जिम मार्शल यांनी १९६९ साली सॅन क्वेंटिन तुरुंगात काढलेला गायक जॉनी कॅश यांचा तो प्रसिद्ध मधल्या बोटाचा फोटो कार्यक्रमाआधीच्या तालमीतला, त्यामुळे साउंड चेक म्हटलं की फोटोग्राफरच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र तो वेळ फक्त जागा शोधायला हवा होता. ड्रमर उजव्या हाताची होती. अशा मांडणीत हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी तिच्या डावीकडे, म्हणजे प्रेक्षकांच्या उजवीकडे येते आणि मोठी राइड सिंबल प्रेक्षकांच्या डावीकडे. वाजवताना तिचं अंग किंचित हाय-हॅटकडे वळलेलं असतं, त्यामुळे चेहरा प्रेक्षकांच्या उजव्या बाजूने जास्त उघडा मिळतो. पिटच्या उजव्या टोकाला गेलो तर हाय-हॅट आणि जोरदार ठोक्यासाठीची क्रॅश सिंबल यांच्यामध्ये हातभर फट दिसत होती. तिच्या डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचा भाग त्या फटीत मावत होता. पाऊलभर डावीकडे सरकलं की फट बंद. मी बॅरिकेडच्या एका बोल्टवर खूण धरून ठेवली.

मिक्सिंग डेस्ककडून चित्र वेगळंच होतं. डेस्कचा चौथरा थोडा उंच, त्यामुळे कॅमेरा जवळजवळ तिच्या डोळ्यांच्या पातळीला येत होता. खालून बघताना चेहरा झाकणारे सिंबल इथून पातळ रेषांसारखे आडवे दिसत होते. अंतर मात्र वीसेक मीटर. ७०-२०० मिलिमीटरच्या लेन्सला १.४ पटीचा कन्व्हर्टर लावून २८० मिलिमीटर मिळतात, बदल्यात एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो, एफ/२.८ ची लेन्स एफ/४ होते. समोरचा उजेड असेल तर हा सौदा परवडतो.

साउंड चेकमध्ये आणखी एक गोष्ट तपासून घेतली. स्टेजवरचे एलईडी दिवे मंद करताना फार वेगाने चालू-बंद केले जातात. डोळ्याला ते कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचत असल्याने फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात. कॅमेऱ्यातला साधा अँटी-फ्लिकर पर्याय विजेच्या १०० किंवा १२० हर्ट्‌झच्या लुकलुकण्यासाठी बनवलेला असतो, या दिव्यांना तो पुरत नाही. दोन्ही शटर लावून बघितली. इलेक्ट्रॉनिकला पट्टे आले, मेकॅनिकलला १/३२० सेकंदापर्यंत स्वच्छ. रॉक बँडसमोर शटरचा आवाज कुणाला ऐकू येणार? मेकॅनिकलच ठेवलं.

पहिलं गाणं. ऑपरेटरनी सांगितल्याप्रमाणे मागून गडद निळा आणि धूर. इथे भलेभले फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. दिवा शुद्ध निळा असेल तर कामाला लागतो तो जवळजवळ एक चतुर्थांश सेन्सर. तपशील कमी होतो, दाणे वाढतात. त्याहून वाईट म्हणजे कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख, हिरव्याला सगळ्यात जास्त वजन देतो, त्यामुळे तो 'फोटो अंधारा आहे' असं सांगत असताना निळा चॅनल कधीच भरून वाहिलेला असतो. गालावरची कातडी मग एकसंध निळ्या प्लास्टिकसारखी दिसते आणि ती नंतर कशानेही सुधारत नाही. उपाय म्हणजे तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम बघायचे, निळा कडेला चिकटू लागला की कॅमेऱ्यात येणारा उजेड कमी करायचा, रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या माहितीच्या फाइलमध्ये काढायचं आणि रंगांचा तोल ठरवणारा व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडायचा नाही. मी १/२५०, एफ/२.८, आयएसओ ६४०० च्या आसपास होतो, सगळं मॅन्युअल. पहिलं गाणं गायिका, गिटारवाला आणि बेसवाला यांच्यावर खर्च केलं. धुरातल्या काळ्या आकृत्या छान मिळाल्या. मासिकाला आतल्या पानांसाठी त्या हव्याच होत्या.

दुसऱ्या गाण्याला उजव्या टोकाला, त्या बोल्टपाशी. ऑटोफोकसला फटीतला चेहरा सापडेना. डोळा ओळखणारी यंत्रणा मधे आलेल्या गिटारवाल्याकडे धावायची, नाहीतर सिंबलच्या चकाकत्या कडेवर अडकायची. ती बंद करून एकच लहान बिंदू निवडला आणि तो फटीवर धरून ठेवला. थोडे फोटो बरे आले. निळे, दाणेदार, पण चेहरा ओळखू येणारा. मुख्य पान त्यावर चालवावं लागलं असतं तर मी ते कृष्णधवल करून दिले असते, कारण रंग काढला की दाणे त्रास देत नाहीत.

कानांबद्दल एक शब्द, कारण आमच्या धंद्यात याकडे कुणी लक्ष देत नाही. अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो आणि दर तीन डेसिबलमागे हा वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. पिटमध्ये आपण स्पीकरच्या तोंडाशी उभे असतो आणि कार्यक्रमांमागून कार्यक्रम करतो. चांगले इअरप्लग ही लेन्सइतकीच गरजेची खरेदी आहे.

तिसरं आणि चौथं गाणं कॅमेरा बॅगेत. मी डेस्कजवळ उभा राहून फक्त ड्रमरकडे बघत होतो. यातून जे कळलं ते पिटमध्ये धावपळ करताना कधीच कळलं नसतं. ओळ संपली की ती डावीकडची क्रॅश वाजवायची आणि तो सिंबल पुढचे दोन ठोके डुलत राहून तिचा अर्धा चेहरा झाकायचा. तिसऱ्या मात्रेपर्यंत तो स्थिरावायचा. चौथ्या मात्रेला ती पुढच्या ओळीसाठी श्वास घ्यायची, कारण गायिकेमागचा साथीचा सूर तीच गात होती. म्हणजे चार मात्रांमधली तिसरी आणि चौथी माझी. पाचवं गाणं संथ होतं, मिनिटाला ऐंशीच्या आसपास ठोके, म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाची. भरपूर वेळ आहे हा. नुसतं बटण दाबून धरलं तर शेकडो फ्रेम भरतात आणि त्यात निवड करताना डोळे थकतात. तिसऱ्या मात्रेवर सलग तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट पुरतो.

पाचवं गाणं सुरू झालं. तिने एक स्टिक दातात धरली, दुसऱ्या हाताने हाय-हॅटचा खटका घट्ट केला, मान वर केली, आणि समोरून तो पिवळसर उजेड आला. पहिल्या कडव्यात हवे तसे फोटो मिळाले. चेहरा पूर्ण उघडा, फोकस डोळ्यांवर, हात वर. काम झालं होतं.

मग गायिका माइक घेऊन मागे गेली आणि नेमकी ड्रमच्या समोर, प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली. ड्रमर पूर्ण झाकली गेली. सेटलिस्टवर हे नव्हतं. डेस्कच्या कठड्यात हलायला जागाही नव्हती, आणि असती तरी मी हललो नसतो. जो माणूस तिथवर गेला आहे तो काहीतरी करायला गेला आहे. अर्धं कडवं तसंच गेलं. मग गायिका ड्रमच्या चौथऱ्याच्या कडेवर खाली बसली, मान वळवून वर बघू लागली, आणि ड्रमर खाली तिच्याकडे बघत गाता गाता हसली. उजवा हात वर, स्टिकचं टोक हललेलं, राइडची कड कानावरून गेलेली. ती दुसरी मात्रा होती, माझ्या हिशेबाबाहेरची. १/३२० ला चेहरे स्थिर राहिले, स्टिक राहिली नाही.

गाणं संपलं तसा मी ठरल्याप्रमाणे बाहेर पडलो.

संपादनात प्रश्न एवढाच होता की आधीचे स्वच्छ फोटो पुढे करायचे की हा. मी दोन्ही पाठवले आणि हा पहिला ठेवला. लेख गाणी लिहिणाऱ्या बाईवर होता. स्वच्छ फोटोत ती उत्तम ड्रम वाजवताना दिसत होती, या फोटोत तिने लिहिलेले शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना दिसत होती. पेनी स्मिथ यांना तो गिटारचा फोटो पुरेसा फोकसमध्ये नाही म्हणून वापरू नये असं वाटत होतं, क्लॅशचे गायक जो स्ट्रमर यांनी तोच हवा असा आग्रह धरला. तांत्रिक नेटकेपणाचा अभिमान बाजूला ठेवणं फोटोग्राफरला सगळ्यात जड जातं, म्हणून निवड करताना दुसरा डोळा लागतोच. संपादकांनी पूर्ण पानावर हसण्याचाच घेतला. रंगात मी फारसा हात घातला नाही. तो पिवळसर उजेड पांढरा करून टाकला असता तर ऑपरेटरच्या कामावर पाणी फिरलं असतं.

कागदपत्रांचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, पण घडला तो कार्यक्रमाच्या आधी. पासबरोबर एक करार आला होता. त्यात फोटो या एकाच मासिकात एकदाच छापता येतील आणि बँडला सगळे फोटो कायमचे, कोणत्याही कामासाठी, विनामोबदला वापरता येतील, असं कलम होतं. असे करार नवे नाहीत. २०१५ साली फू फायटर्स या रॉक बँडच्या अशाच करारावर सही करायला वॉशिंग्टन सिटी पेपर या वृत्तपत्राने नकार दिला आणि त्याऐवजी प्रेक्षकांकडून फोटो विकत घेऊ असं जाहीर केलं. त्याच वर्षी टेलर स्विफ्ट यांच्या दौऱ्याच्या करारावर फोटोग्राफरांनी जाहीर आवाज उठवला, आणि वृत्तछायाचित्रकारांच्या एनपीपीए या संघटनेशी बोलणी झाल्यावर तो सुधारला गेला. म्हणजे कलमं दगडावरची रेघ नसतात.

मी कलम खोडून त्याजागी साधी वाक्यं लिहून पाठवली. हक्क माझ्याकडे. बँडने निवडलेले तीन फोटो त्यांनी आपल्या सोशल मीडियावर नावासह वर्षभर वापरावेत, मोफत. अल्बम, पोस्टर, टी-शर्ट यांसाठी वेगळं बोलणं. सोबत कारणही लिहिलं, की फोटो विकत राहिले तरच या कामावर माझं घर चालतं. मॅनेजमेंटने ते मान्य केलं. बऱ्याचदा हे कागद वकिलाने तयार केलेले असतात आणि पुढे पाठवणाऱ्याने ते वाचलेलेही नसतात, विचारलं तर बदलतात. न बदलले तर काम सोडायचं की घ्यायचं हा ज्याचा त्याचा निर्णय, पण सही करण्याआधी शेवटचं पान तरी वाचावं.

मासिक आल्यावर ड्रमरचा निरोप आला, नव्या रेकॉर्डच्या आतल्या बाजूला तोच हसण्याचा फोटो घालायचा होता. त्याचा परवाना वेगळा लिहिला: किती प्रती, किती वर्षं, नाव कुठे छापायचं. त्याच पत्रात टूर मॅनेजरने पुढच्या कार्यक्रमांची सेटलिस्ट आणि लाइट ऑपरेटरचा फोन नंबर आपण होऊन जोडला होता.